मायचा फोटो, अजिंठा आणि नवा कॉम्प्युटर

मंडळी, गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक वाद झाला. विषय होता कॉम्प्युटर. माझा जुना डबा आता उठवत नाही, चालू करून चहा प्यायला गेलो तरी परत येईपर्यंत तो जागा झालेला नसतो. मला जुने फोटो दुरुस्त करायचे आहेत, त्यासाठी नवा घ्यायचा ठरला. नातू म्हणाला, "आबा, मोठं ग्राफिक कार्ड हवं." जावई म्हणाले, लॅपटॉप घ्या, कुठेही नेता येतो. सौभाग्यवतींचं म्हणणं, या वयात कशाला हवं ते. बुलढाण्याच्या दुकानदाराचं म्हणणं तर विचारूच नका, त्याच्याकडे जे पडून होतं तेच माझ्यासाठी सर्वोत्तम होतं!

मी पडलो इतिहासाचा मास्तर. तीस-बत्तीस वर्षं पोरांना सनावळ्या शिकवल्या. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की मला आधी तिचा मागचा इतिहास पाहावासा वाटतो. खोड आहे, जात नाही. म्हणून कॉम्प्युटर घेण्याआधी मी 'चित्र दुरुस्त करणं' या उद्योगाचाच इतिहास वाचायला बसलो. आणि तो कुठे सापडला? आमच्या शेजारीच, अजिंठ्याला.

पण आधी फोटोबद्दल सांगतो.

माझ्या आईचा एकच फोटो आहे. आम्ही तिला माय म्हणायचो. १९५७ साली कापूस विकून झाल्यावर वडील आम्हाला सगळ्यांना शेगावला दर्शनाला घेऊन गेले होते, आणि येताना खामगावात एका स्टुडिओत हा फोटो काढला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महाल आणि कारंजं. पुढे खुर्चीवर माय, नऊवारीत, पदर डोक्यावरून. माझं वय तेव्हा सात. १९६१ साली माय गेली. फोटो थोरल्या भावाकडे राहिला. तो रेल्वेत भुसावळला नोकरीला गेला तेव्हा फोटो मधोमध दुमडून पाकिटात घेऊन गेला. भाऊ वारल्यावर ट्रंकेत सापडला, तो माझ्याकडे आला. दुमडलेल्या रेघेवरचा थर पार उडून गेलाय, खालचा पांढरा कागद दिसतो. आणि ती रेघ नेमकी मायच्या डाव्या डोळ्यावरून जाते.

आता अजिंठ्याकडे वळू.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं फारसं शिकवत नाहीत. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. हा माणूस अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि जवळजवळ वीस वर्षं वटवाघळांच्या संगतीत कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला. त्याची आणि पारोची कहाणी ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' या दीर्घकाव्यात सांगितली, त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली सिनेमा काढला. (दोघेही २०२३च्या ऑगस्टमध्ये एका दिवसाच्या अंतराने गेले. असो.)

गिलच्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली! वीस वर्षांची मेहनत एका दिवसात राख. प्रदर्शनात नव्हती ती चार-दोन चित्रं तेवढी वाचली.

पुढची गंमत (गंमत तरी कशी म्हणावी) अशी की १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा अजिंठ्याला आले. हिवाळ्यामागून हिवाळे, १८८५ पर्यंत नकलांचं काम चाललं. त्या नकलाही लंडनलाच गेल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यातल्याही बऱ्याचशा जळाल्या. नशिबाने जे उरलं त्यावरून १८९६-९७ साली दोन खंडांचं पुस्तक तरी निघालं.

म्हणजे एकच चूक दोनदा झाली. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली, तीही सातासमुद्रापार. माझ्या वहीत मी पहिला मुद्दा लिहिला, "प्रत एकाहून जास्त जागी हवी."

तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढले? गिलने कॅमेराही हाताळला होता. १८६४ साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघाली. आपल्या लोणारच्या देवळांचेही फोटो त्याने काढलेत, बुलढाणेकरांनी आवर्जून पाहावेत. पण चित्रांच्या बाबतीत कॅमेऱ्याचं काही चालत नव्हतं. एक तर लेण्यांत अंधार. दुसरं म्हणजे त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला फक्त निळा आणि जांभळा प्रकाश 'दिसे'. लाल आणि पिवळ्याला ते आंधळंच. अजिंठ्यात तर गेरू आणि पिवळी माती हेच मुख्य रंग! फोटोत ते काळेठिक्कर येत. म्हणून ब्रशला पर्याय नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून गिलने आणि पुढे ग्रिफिथ्सच्या मंडळींनी मूळ भिंतीवरच्या चित्रांना वॉर्निश लावलं. हेतू वाईट नव्हता. वॉर्निश लावलं की रंग ओल्यासारखे उजळ दिसतात. पण काही वर्षांनी ते पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी चिकटली. पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे चिकटवले, बरंच वाचवलं, पण वर लाखेचा थर दिला. तोही पिवळा पडला. स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेचे लोक वर्षानुवर्षं तो थर थोडा थोडा उतरवत आले आहेत.

१९७०च्या दशकात मी पहिल्यांदा शाळेची सहल घेऊन गेलो. तिथला माणूस दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा आत टाकायचा, आणि त्या कवडशात पहिल्या लेण्यातला पद्मपाणी उजळून निघायचा. मी पोरांना ऐटीत सांगितलं, "बघा, हा त्या काळचा रंग." त्यातला पिवळेपणा काही अंशी वॉर्निशचा आणि लाखेचा होता हे मास्तरलाच ठाऊक नव्हतं, पोरांना कुठून कळणार!

वहीत दुसरा मुद्दा लिहिला, "मूळ चित्राला हात लावू नये. जे करायचं ते नकलेवर."

कॉम्प्युटरचा इथे खरा उपयोग आहे. भिंतीला बोट न लावता दुरुस्ती करता येते. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे अगदी कमी उजेडात, चित्रांना इजा न होऊ देता फोटो घेतले आणि कॉम्प्युटरवर त्यांचा हरवलेला भाग भरण्याचं काम हाती घेतलं. गिलला जे वॉर्निश लावून करावं लागलं ते आज पडद्यावर होतं, आणि पसंत पडलं नाही तर पुसताही येतं.

हे 'पुसता येणं' सुद्धा एका दिवसात आलं नाही. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या भावांचा फोटोशॉप १९९० साली विक्रीला आला. पण एकावर एक पारदर्शक कागद ठेवावा तसे 'लेअर' त्यात १९९४ साली आले. लेअर म्हणजे मूळ फोटो खाली तसाच, आणि तुमची दुरुस्ती वरच्या कागदावर. नको असेल तर वरचा कागद काढून टाका. २००२ साली डाग पुसायचा ब्रश आला, २०१० साली मोकळी जागा आजूबाजूचं पाहून आपोआप भरायची सोय आली, आणि २०२३ पासून नुसतं सांगितलं की यंत्र नवीन चित्रच काढून देतं. फुकट हवं असेल तर गिंप आहे, १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. मी पेन्शनर, अर्थात गिंपवाला.

इतकं वाचून झाल्यावर कॉम्प्युटर निवडणं सोपं झालं. तुमच्यापैकी कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून हिशोबासकट लिहितो.

मायचा फोटो साडेतीन बाय साडेपाच इंचाचा. स्कॅनरवर इंचाला १२०० ठिपके या मापाने घेतला तर ४२०० गुणिले ६६००, म्हणजे २ कोटी ७७ लाख २० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले सुमारे ८३ मेगाबाइट. रंगछटा अधिक बारीक हव्या असतील (१६ बिट) तर दुप्पट, १६६. असे दहा लेअर ठेवले तर दीड गिगाबाइटच्या वर. शिवाय 'मागे जा' म्हणता यावं म्हणून यंत्र मधल्या पायऱ्याही लक्षात ठेवतं. त्यामुळे ८ जीबी रॅममध्ये काम अडखळतं, १६ जीबी घ्यावी. डिस्क एसएसडी असावी, नाहीतर फाइल उघडेपर्यंत पुन्हा चहा. मोठं ग्राफिक कार्ड मात्र माझ्या कामाला लागत नाही. ते नातवाला खेळांसाठी हवं होतं, हे नंतर त्याने कबूल केलं!

वाचलेले पैसे मी मॉनिटरमध्ये घातले. याचं कारण लोणार. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आठवतं ना? त्या दिवसांत मोबाइलवर फोटोंचा पाऊस पडला. एकात पाणी गुलाबजलासारखं, दुसऱ्यात विटकरी, तिसऱ्यात चक्क रूहअफजा. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे झालं. पाणी खरंच गुलाबी होतं, प्रश्न नव्हता. पण किती गुलाबी? तेव्हा मला कळलं की पडदा खोटं बोलत असेल तर डोळ्यांना दोष देऊन उपयोग नाही. स्वस्त पडद्यावर '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याला सगळे रंग दाखवताच येत नाहीत. आयपीएस पद्धतीचा, 'एसआरजीबी' शंभर टक्क्यांच्या जवळ दाखवणारा पडदा घ्यावा. तो बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाही. मी २४ इंची घेतला.

बाकी एक यूपीएस, कारण आपल्याकडची वीज. आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक माझ्याकडे, एक मुलीकडे पुण्याला. क्रिस्टल पॅलेसच्या स्मरणार्थ!

आणखी एक युक्ती सांगतो. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत करावा. जुन्या फोटोवरचे डाग पिवळे असतात. रंगीत स्कॅनमधला फक्त लाल भाग वेगळा काढून पाहिला की पिवळा डाग जवळजवळ नाहीसा होतो, निळ्या भागात तोच डाग काळा दिसतो. मायच्या पदरावरचा तेलाचा मोठा डाग असा एका मिनिटात गेला. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

राहिला डोळा.

नातू सुट्टीला आला होता. म्हणाला, "आबा, हे आता दोन मिनिटांचं काम आहे." त्याने कुठल्याशा नव्या प्रोग्रॅममध्ये फोटो टाकला आणि खरंच, दोन मिनिटांत रेघ गेली आणि मायला डावा डोळा आला. सुंदर डोळा. पापण्यांसकट, बुबुळात खिडकीचा उजेडसुद्धा. मी किती तरी वेळ बोललोच नाही. चौसष्ट वर्षांनी माय दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती. मी तो फोटो पडद्यावर कायमचा लावून ठेवला. रोज सकाळी पूजा झाली की पाहायचो.

पंधरा दिवसांनी आमची थोरली बाई मेहकरहून आली. वय त्र्याऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण नजर पक्की. तिला खुर्चीत बसवलं आणि मोठ्या उत्साहाने फोटो दाखवला. ती पुढे झुकली, बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली,

"बापू, हा डोया मायचा नाही रे."

मी म्हटलं, "बाई, अगं तो दुमडला होता, कॉम्प्युटरने भरला."

"भरला असंन. पण मायचा नाही तो. मायच्या डाव्या डोयाची पापणी खाली लोंबे. लहानपनी वावरात धसकट लागलं होतं तिले. हसे तं तो डोया अर्धा मिटे. तुले नाही आठवत?"

मला आठवत नव्हतं.

खरं सांगतो, आधी मला बाईचा रागच आला. मग मी आठवायचा प्रयत्न केला, आणि लक्षात आलं की डोळे मिटून मायचा चेहरा आणू पाहिला की आता हा नवा, सुंदर डोळाच येतो. पंधरा दिवसांत माझ्या आठवणीवर वॉर्निश चढलं होतं. मूळ कागदाला मी बोट लावलं नव्हतं, दुसरा मुद्दा पाळला होता. पण मूळ काही फक्त कागदावरच नव्हतं.

बाईला मी मग १२०० ठिपक्यांचा स्कॅन मोठा करून दाखवला. गालावर बारीक बारीक पांढरट रेघा दिसत होत्या, मला त्या कागदाचा दोष वाटल्या होत्या. बाई हसली. म्हणाली, "मायच्या तोंडावर देवीचे वण होते. त्या फोटोवाल्यानं काढून टाकले. दादानं त्याचे चार आणे जास्त देले होते." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

तेव्हा उलगडा झाला. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करत. निगेटिव्हमध्ये व्रणाची सावली फिकी असते, तिथे शिसं भरलं की छापताना ती जागा उजळते आणि गाल गुळगुळीत होतो. हे रिटचिंग सगळीकडे चाले. म्हणजे ज्या कागदाला मी 'मूळ' समजून जपत होतो त्यावर १९५७ सालीच कुणी हात फिरवला होता. आणि त्यासाठी जास्तीचे पैसे माझ्या वडिलांनी दिले होते! चार आणे तेव्हा थोडे नव्हते. मायला हवं होतं म्हणून दिले की दादांना हवं होतं म्हणून, ते बाईलाही सांगता येईना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग फोटोवाल्याच्या पेन्सिलीचं काय करायचं? पुसून व्रण परत आणायचे? ते कुठे होते मला ठाऊक नाही, आणलेच तर तेही माझ्याच मनचे. आणि डोळ्याचं काय? बाईच्या सांगण्यावरून पापणी खाली ओढायची? नातू म्हणाला, "आबा, सांगा किती खाली, तेवढी करतो." किती, हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी बसून मी ठरवलं. डाग काढले, धूळ काढली, फिकटलेला काळा रंग जरा गडद केला. फोटोवाल्याची पेन्सिल राहू दिली. ते आमच्या घराच्याच इतिहासातलं आहे, त्यात दादांचे चार आणे आहेत. दुमड पदरावरून आणि पडद्यावरून जाते तिथे भरली, कारण कापड काय आणि कारंजं काय. डोळ्यावरची दुमड तशीच ठेवली. ती भावाने केलेली आहे, पाकिटात ठेवून ठेवून. नातवाने भरलेला डोळा मी पडद्यावरून काढला. फाइल मात्र पुसली नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि नाव दिलं 'यंत्राने काढलेला डोळा, मायचा नव्हे'.

मग दोन प्रती छापल्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: फोटो १९५७, खामगाव. काय दुरुस्त केलं, काय नाही. आणि खाली बाईने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, डाव्या पापणीचं आणि देवीच्या वणांचं. एक प्रत मेहकरला पाठवली. बाईचा फोन आला, म्हणाली, फोटो मायसारखा झाला. मी म्हटलं, "अगं, पण डोळा नाहीच ना त्यात." तर म्हणते, "तो हाय न माह्याजवय."

ही आठवण बाईजवळ आहे, कॉम्प्युटरात नाही, आणि बाई त्र्याऐंशीची आहे. म्हणून गेल्या महिन्यापासून मी दर रविवारी मेहकरला जातो. जुने फोटो नेतो, ती सांगते, मी फोटोच्या मागे लिहून घेतो. आतापर्यंत एकवीस झाले. आमच्या नात्यातल्या मंडळींना विनंती, तुमच्या ट्रंकांत, देव्हाऱ्याच्या मागे जे फोटो असतील ते काढा. दुरुस्त मी करून देईन, आता साधन चांगलं आहे. पण फोटो पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून, हे कोण आणि कसे होते, तेवढं विचारून घ्या.